मुकादमाचे पाय आणि मधली भिंत

मी, खाली सही करणारी, धंद्याने गादी-सोफ्याची कारागीर, गल्लीत ‘मोठी गादीवाली’ म्हणून ओळखली जाणारी, वयाने सत्तरी ओलांडलेली, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात, माझ्या कामाच्या टेबलावर, कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवत आहे. मला धाक दाखवू शकेल असे माणूस आता हयात नाही, आणि होते तेव्हाही त्याला ते फारसे जमले नव्हते. माझी शुद्ध शाबूत आहे. पुरावा हवा असेल तर आज सकाळी मी जाड सुईत चष्म्याशिवाय दोरा ओवला आणि कोंबड्याच्या पायांसाठीचे पाणी कोपराने तपासून बरोबर कोमट केले.

उद्या मला इस्पितळात दाखल व्हायचे आहे. हृदयातली एक झडप नीट मिटत नाही, ती बदलायची आहे. सर्जन तरुण आहेत, पण त्यांचे हात स्थिर आहेत. मी आधी हातच पाहिले. “आजी, दोन-तीन महिन्यांत घरातली कामं करायला लागाल,” असे ते म्हणाले आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवला आहे. तेव्हा हे लिखाण मरायला निघाले म्हणून केलेले नाही. बाहेरगावी जाताना आपण दाराला कुलूप लावतो, तितकाच याचा अर्थ.

वकीलसाहेबांनी मसुदा करून देताना दोन गोष्टी बजावल्या. एक, मृत्युपत्रात रागलोभ लिहायचे नाहीत. दुसरी, ज्याला काही द्यायचे आहे त्याची साक्षीदार म्हणून सही घ्यायची नाही, नाहीतर त्याला दिलेले बाद होते. दुसरी गोष्ट मी पाळणार आहे.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी वाटणीच्या वर्षी फार रागात केले होते. त्यात माझ्या धाकट्या जावेचा उल्लेख एकदाच होता, तोही ‘हिला काहीही मिळू नये’ या वाक्यात. ते मी फाडून टाकले आहे. कागद चांगला जाड होता, म्हणून त्याचे कपटे एका खुर्चीच्या पायाखाली घातले. खुर्ची आता डगमगत नाही.

कलम एक. घर.

घराचा माझा अर्धा भाग, म्हणजे रस्त्याच्या बाजूची कामाची खोली, वरच्या दोन खोल्या आणि मागच्या अंगणाची माझी बाजू, हे सर्व माझ्या लेकीला मिळावे. ती दुसऱ्या गावी नोकरी करते, रोज संध्याकाळी न चुकता फोन करते आणि मी हट्टी आहे असे तिचे मत आहे. ते तिने वारसाने घेतलेले मत आहे, तिचे वडीलही तेच म्हणत. जिना अरुंद आहे. वरचे कपाट खाली आणायचे झाले तर आधी त्याची दारे काढावी, उगाच भिंतीला पोचे पाडू नयेत. खोल्या भाड्याने द्यायच्या असतील तर खुशाल द्याव्या, पण भाडेकरू पहाटेच्या आरवण्याला नाक मुरडणारा नसावा. ही अट लेकीने हसण्यावारी नेऊ नये.

कलम दोन. शिल्लक.

बँकेत जे काही निघेल ते लेकीचे. मात्र त्यातून आधी मुकादमाच्या औषधपाण्याची सोय करून मगच उरलेले तिने घ्यावे. मुकादम कोण, ते पाचव्या कलमात येईल.

कलम तीन. हत्यारे.

मोठी कात्री, चुंबकाची हातोडी, पट्टे ताणायचा लाकडी ताण आणि वाकड्या सुयांचा डबा हे सगळे नाक्यावरच्या सोफेवाल्याला द्यावे. हे वाचून माझ्या लेकीला घेरी येईल. या माणसाने आमची किती गिऱ्हाइके पळवली ते तिला ठाऊक आहे. पण गावात आता गादीकाम करणारा तोच एक उरला आहे, आणि तो सगळीकडे स्टेपलच्या पिना मारत सुटतो. चांगली हत्यारे हातात आली तर कदाचित त्याला लाज वाटेल आणि तो शिवायला लागेल. नाहीच वाटली तर रोज त्या सुया समोर बघून त्याला चुटपुट तरी लागेल. दोन्हीत माझे समाधान आहे.

शिवणयंत्र मात्र त्याला देऊ नये. ते लेकीने ठेवावे, चालवता येत नसले तरी.

कलम चार. वाटणी झाली ती कशी, हे माहीत असावे म्हणून.

यात देण्याघेण्याचे काही नाही, पण पुढचे कळायला हे लागेल. माझा नवरा आणि माझा दीर हे दोघे भाऊ मिळून सोफे करत. दीर लाकडी चौकट बनवायचा, धाकटी, म्हणजे त्याची बायको, तिला पॉलिश करायची. माझा नवरा पट्टे आणि स्प्रिंगा बसवायचा, मी गादी भरून कापड शिवायची. चार माणसांतून एक सोफा निघत असे आणि तो लवकर मोडत नसे. मग भावाभावांचे बिनसले. कशावरून, ते त्या दोघांनाही शेवटी धड सांगता येईना. वाटणी झाली. आमच्याकडे गाद्या आल्या, त्यांच्याकडे चौकटी. गिऱ्हाईक आधी एका दारात येई, मग दुसऱ्या दारात जाई, आणि मग डोके खाजवत नाक्यावर जाई.

वाटणीच्या दिवशी धाकटी सगळ्यांसमोर म्हणाली, “गादी काय, कुणीही भरतं. चौकट धरून ठेवते म्हणून गादीला गादी म्हणायचं.” मी म्हटले, “मग आजपासून चौकटीवरच बस.” एवढ्यावर आमचे बोलणे बंद झाले. आधी ती मला ‘ताई’ म्हणे. त्यानंतर मी कोणी उरलेच नाही.

मागच्या अंगणात दोघा भावांनी मधोमध भिंत घातली. विटा निम्म्या त्यांच्या, निम्म्या आमच्या. एकाने ओळंबा धरला, दुसऱ्याने विटा लावल्या, आणि एकमेकांकडे न बघता दोघांनी ती डोक्याहून उंच नेली. ती त्यांनी मिळून केलेली शेवटची वस्तू. दोघेही आता नाहीत. भिंत मात्र सरळ उभी राहिली. कारागीर चांगले होते.

कलम पाच. मुकादम.

हे कलम सर्वांत लांब आहे. “एका कोंबड्यासाठी एवढं?” असे वकीलसाहेबांनी विचारले. मी म्हटले, “घराच्या पायाला खरूज होत नाही, साहेब. म्हणून घराचं थोडक्यात आटपलं.”

माझा नवरा गेला त्या वर्षी एका गिऱ्हाइकाने पडवीत पडलेला जुना सोफा दुरुस्तीला पाठवला. मी खालचे तागाचे कापड उसवले, तर स्प्रिंगांच्या मध्ये, काथ्यात, कुठल्याशा कोंबडीने केलेले घरटे आणि त्यात तीन अंडी. फेकवेनात. खोक्यात कापूस घातला, वर दिवा सोडला. दोन अंडी तशीच राहिली, एकातून हा बाहेर आला. घरात तेव्हा इतकी शांतता होती की त्याची चिवचिव मला वरच्या खोलीत ऐकू येई. त्याने मला जगवले असे मी म्हणणार नाही. पण सकाळी उठवले, हे खरे.

पायांवर नीट उभे राहता येऊ लागल्यावर तो कामाच्या खोलीत फेऱ्या मारू लागला. शिवणीपाशी थांबायचा, मान तिरकी करून एका डोळ्याने टाका बघायचा, आणि नापसंत असल्यासारखा पुढे जायचा. म्हणून त्याचे नाव मुकादम. आता त्याचे वय झाले आहे. कोंबड्यांच्या हिशेबाने तो माझ्याहून मोठा भरेल.

गेल्या वर्षी त्याचे पाय बिघडले. पायांवरचे खवले, जे एकावर एक चापून बसलेले असतात, ते उचलले गेले आणि त्यांच्याखाली खडूसारखा पांढरा थर साचू लागला. नडग्या जाडजूड, ओबडधोबड दिसू लागल्या. शेपटीच्या बुडाशी पिसे विरळ झाली, कातडी लाल आणि कोरडी पडली. शिवाय उजव्या तळव्याला सूज आणि मधोमध काळी खपली. दिवसभर तो मधल्या भिंतीवर बसून दोन्ही घरांवर देखरेख करायचा आणि वाटेल तेव्हा वरून फरशीवर उडी घ्यायचा. अंगाने भारी, जमीन टणक, वय झालेले. तळवा किती सोसणार?

आता गादीवाली काय करणार? मी गादी बसवली. भिंतीच्या माथ्यावर कापसाचा थर, वर गिऱ्हाइकाच्या कामातून उरलेले हिरवे मखमली कापड, कडेने गोल खिळे. त्याच्या झोपण्याच्या दांडीलाही तसेच. आजवर कोणी भिंतीला गादी बसवली असेल असे मला वाटत नाही, आणि काम इतके सुबक झाले होते की मी स्वतःवर खूश होते. मुकादमाचे पाय मात्र दिवसेंदिवस वाईट होत गेले.

मग मी त्याला एकटीने धुवायला बसले. साबणाचे पाणी, टब, टॉवेल. एका हाताने त्याला धरायचे आणि दुसऱ्याने पाय चोळायचे, हे माझ्या वयात कोणी करून दाखवावे. तो निसटला, फेसाळलेल्या पायांनी माझ्या डोक्यावरून भिंतीवर आणि तिथून धाकटीच्या अंगणात. मी स्टुलावर चढून बघते, तर धाकटीने त्याला काखेत आवळून धरले आहे आणि दुसऱ्या हातात बारीक पॉलिशपेपर. उठलेले खवले बघून तिचा हात आपोआप तिकडे गेला होता.

“अगं, तो टेबलाचा पाय नाही!” मी ओरडले. वाटणीनंतरचे माझे तिच्याशी पहिले वाक्य ते.

“टेबलाचा असता तर इतका सडू दिला नसता,” ती म्हणाली. हे तिचे पहिले वाक्य.

त्या भांडणाने गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प बसली. समोरच्या घरातल्या शिक्षकाने खिडकीतून ओरडून सांगितले की दोघी एकमेकींचे डोके खाण्यापेक्षा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलवा. तिचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. ती संध्याकाळी आली. मुकादमाला तिने टॉवेलात गुंडाळले, डोक्यावर कापड टाकले, तसा तो एकदम निवांत झाला. पाय पाहिले, कातडी पाहिली, मग माझी मखमल एका कोपऱ्यात चिमट्याने उचलली. खाली कापसात बारीक ठिपके होते. ठिपके चालत होते.

“मावशी,” ती मला म्हणाली, “कोंबड्याचं राहू द्या, पण पिसांतल्या किड्यांना तुम्ही फार छान बिछाना घातलात.”

धाकटी हसली. तिच्याकडे वळून डॉक्टरीणबाई म्हणाली, “आणि पायातले किडे वेगळे, ते खवल्यांच्या खाली राहतात. तुम्ही वरून तासलं असतंत तर किडे गेले नसते, कातडी मात्र सोलली गेली असती.”

मग मी हसले.

आम्हा दोघींना एका दमात गप्प करणारी ती पहिलीच. नंतर ती म्हणाली, “हे एकटीचं काम नाही. एकीनं धरायचं, एकीनं धुवायचं. आणि गुडघ्याच्या वर चढून बसायला काही ठेवायचं नाही.” एवढे बोलून तिने भिंतीकडे पाहिले. आम्ही दोघींनी मुकादमाकडे पाहिले.

उपचार कसा चालतो ते लिहून ठेवते. पुढे जो करील त्याने यात स्वतःची अक्कल घालू नये. आम्ही घालून पाहिली आहे.

पाणी कोमट हवे, कोपराला ना गरम ना गार लागले पाहिजे. त्यात सौम्य साबण. पाय भिजू द्यावेत, घाई करू नये. मऊ ब्रशने वरून खाली, खवल्यांच्या दिशेने घासावे. जे सुटेल ते सुटू द्यावे, जे सुटत नाही ते नखाने उकरू नये. पाय कोरडे टिपून व्हॅसलीनचा जाड थर खवल्यांच्या फटींत जाईल असा चोपडावा, म्हणजे आतल्या किड्यांचा श्वास कोंडतो. रॉकेल लावायचे नाही. जुनी माणसे लावत, धाकटीनेही बाटली आणून ठेवली होती. त्याने कातडी भाजते. मानेच्या कातडीवर सोडायचे थेंब डॉक्टरीणबाई स्वतःच देते, ते दुसऱ्याने देऊ नयेत. तळवा तिने दिलेल्या मिठाच्या पाण्यात शेकावा, जंतुनाशक लावावे, जाळीच्या कापडाची घडी ठेवून पट्टी बांधावी, बोटांच्या मधून, फार आवळून नव्हे. खपली आपण कापायची नाही. लोळायला कोरडी बारीक माती आणि चाळलेली राख घमेल्यात ठेवावी, त्याने कातडी स्वच्छ राहते. दांडी उघड्या लाकडाची, बोटांना पेलेल एवढी रुंद आणि कडा गोल केलेली असावी. ती धाकटीने स्वतः रंधा मारून दिली आहे आणि, लिहायला जड जाते, फार चांगली दिली आहे.

त्याला उताणे धरू नये, गुदमरतो. पंख अंगाशी दाबून टॉवेलात घ्यावे आणि त्याच्याशी बोलत राहावे. काय बोलावे याला बंधन नाही. सुरुवातीला आम्ही दोघी त्याच्यामार्फतच बोलायचो. “मुकादम, तुझ्या मालकिणीला सांग, पाणी निवलं.” “मुकादम, तुला धरणाऱ्या बाईला सांग, हात आहे की पकड?” तो बिचारा एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे. पुढे कधीतरी आम्ही त्याला मधून वगळले. नक्की कधी, ते लक्षात आले नाही.

भिंत उतरवायलाही आम्हीच लागलो. दर रविवारी पाय धुऊन झाले की वरचा एक थर काढायचा. मी छिन्नी लावायची, तिने वीट सोडवायची. वीट निघाली की ती म्हणायची, “ही तुमची,” किंवा “ही आमची,” आणि ज्याच्या त्याच्या बाजूला रचायची. एका विटेवर सिमेंटात माझ्या दिराच्या अंगठ्याचा ठसा निघाला. ती बराच वेळ हातात धरून उभी राहिली. मी म्हटले, “ती तुमची.” ती म्हणाली, “बाजूची बघा, भाऊजींचा असेल.” नव्हता. पण तिने शोधला, हे मी विसरणार नाही.

भिंत गुडघ्यापर्यंत आली तेव्हा थांबलो. आता ती बसण्याच्या उंचीची आहे. एक जण इकडून बसते, एक तिकडून, टब खाली, मुकादम मध्ये. त्या जागी मी रेक्झिन लावले आहे, पुसता येते असे. कापूस नाही.

आजची स्थिती अशी. डावा पाय जवळजवळ स्वच्छ झाला आहे, नवे खवले पिवळे, गुळगुळीत आणि चापून बसलेले. उजव्या पायावर अजून थर आहे, तळव्याची सूज उतरली आहे. शेपटीजवळ नव्या पिसांचे कोंब आले आहेत, डॉक्टरीणबाईने मला बोट लावून दाखवले. ती म्हणते की पुढच्या वेळी पिसे गळून नवी येईपर्यंत रविवार चुकवला नाही, तर तो सरळ चालेल. मध्येच सोडले तर किडे परत चढतील आणि या वयात दुसऱ्यांदा हे त्याला झेपणार नाही.

अडचण अशी की मी उद्या जाते आहे, आणि धाकटीसुद्धा चालली आहे. तिच्या मुलाने तिला कायमचे आपल्याकडे बोलावले आहे. मुलगा गुणी आहे, चुकीचे काही करत नाही. तिची ट्रंक भरून दोरी बांधून दारात ठेवलेली मला माझ्या जिन्यावरून दिसते. ती रोज दिसते. मी तिला थांब म्हटलेले नाही. माझी जीभ सगळ्या गोष्टींना चालते, या एका गोष्टीला रेटत नाही. म्हणून जे तोंडाने मागता येत नाही ते मी कायद्याने मागणार आहे.

कलम सहा. मधली भिंत.

माझ्या मालकीच्या निम्म्या विटांपुरते लिहिते. भिंत आहे तेवढीच ठेवावी. कोणी ती वाढवू नये आणि साफ पाडूही नये. बसायला लागते.

कलम सात. धाकटीस.

कामाच्या खोलीतला दोन माणसांचा सोफा, जो चौघांनी मिळून केलेला शेवटचा, तो माझ्या धाकट्या जावेला मिळावा. मुकादम हा कोंबडा, त्याची दांडी, टब आणि औषधे यांसह, तिलाच मिळावा. त्याचे पाय बरे होईपर्यंत तिने इथेच राहावे अशी माझी इच्छा आहे. इच्छा हा शब्द वकीलसाहेबांनी सुचवला. माझा शब्द विनंती होता, आणि तो मी आता इथे लिहिलाच आहे.

वरील कलम सात रद्द. कारण खाली लिहिले आहे.

आज रविवार. पाय टबात भिजत असताना मी हे सगळे मोठ्याने वाचून दाखवले. डॉक्टरीणबाई पट्टी बदलायला आली होती. धाकटीने मुकादमाला धरले होते. चौथ्या कलमाला ती नाकातून हसली, ‘फार चांगली दिली आहे’ या शब्दांवर तिने मला परत वाचायला लावले. सातव्याला मात्र ती हसली नाही. टबातले पाणी गार व्हायला लागले.

मग म्हणाली, “साक्षीदार कोण आहेत?”

“एक ही डॉक्टरीण. दुसरा समोरचा शिक्षक.”

“त्याचं काय काम? तो खिडकीतून बघतो नुसता. साक्षीदार मी होणार. एवढी वर्षं सगळं मी बघितलंय.”

“तुला होता येत नाही. तुला वस्तू देते आहे ना? सही केलीस तर तुला दिलेलं बाद होतं.”

“मग होऊ दे बाद.”

माझ्या छातीत ती बिघडलेली झडप एकदा जोरात हलली, हे मी लपवत नाही. मला वाटले, झाले, ही निघाली. तरी मी म्हटले, “सोफा नको तुला?”

“सोफ्याची चौकट माझ्या नवऱ्यानं केली, पॉलिश माझं. अर्धा सोफा माझाच आहे. तो तुम्ही मला देणार म्हणजे काय?”

“आणि मुकादम?”

तिने टॉवेलाची घडी नीट केली. मुकादमाने एक डोळा बाहेर काढून तिच्याकडे पाहिले.

“मुकादमाला आजवर धरलं कोणी?” ती म्हणाली. “त्याचं अंडं तुमच्या सोफ्यात निघालं, मान्य. पण प्रत्येक रविवारी हा माझ्या मांडीवर असतो. माझ्या तीन साड्यांना याच्या नखांनी भोकं पाडलीत. धरायचं काम चौकटीचं, आणि ते मी केलंय. तेव्हा याचा अर्धा भाग माझा आहे, आत्ता, तुम्ही जिवंत असताना. जे माझंच आहे ते मृत्युपत्रात कसलं लिहिता?”

डॉक्टरीणबाई खाली मान घालून पट्टी गुंडाळत राहिली. तिचे खांदे हलत होते.

मी विचारले, “आणि ट्रंक?”

“अर्धा कोंबडा घेऊन मुलाकडे कुठे जाऊ, ताई?” ती म्हणाली. “सांगितलं त्याला काल. पुढच्या वर्षी बघू म्हटलं. तोपर्यंत तुम्ही बऱ्या व्हा, हा बरा होऊ दे. आणि हात चालवा आता, पाणी निवलं.”

ती मला ताई म्हणाली. एवढ्या वर्षांनी. मी पाय धुतले. मला समोरचे नीट दिसत नव्हते, पण हाताला सवय आहे.

म्हणून कायदेशीर स्थिती आता अशी आहे. मुकादम आणि दोन माणसांचा सोफा या दोन्ही वस्तू माझ्या एकटीच्या नाहीत. जी वस्तू दोघींची आहे ती एकटीने कोणाला देता येत नाही, सबब त्या या मृत्युपत्रातून वगळल्या आहेत. धाकटीला या कागदाने काहीही मिळत नाही. पूर्वीच्या मृत्युपत्रातही तिला काहीच मिळत नव्हते, पण ते वेगळे होते. तिने साक्षीदार म्हणून सही करायला आता कोणाचीही हरकत नसावी. वकीलसाहेबांना फोन करून विचारले. ते म्हणाले की कायद्यात बसते.

लेकीला एकच सांगणे. या दोन वस्तूंवर हक्क सांगू नकोस. सुट्टीत आलीस की भिंतीवर बसून टॉवेल धरायला हरकत नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन जणींच्या देखत लिहिले आहे. मी परत आले तर हा कागद शिवणयंत्राच्या खणात पडून राहील. मी परत येण्याच्या विचाराची आहे.

सही: मोठी गादीवाली

ठिकाण: मागचे अंगण, मधली भिंत, माझी बाजू.
दिनांक: दाखल होण्याच्या आदला दिवस, रविवार, पाय धुऊन झाल्यावर.

साक्षीदार पहिली, सही: जनावरांची डॉक्टरीण.
लिहून देणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. उजव्या तळव्याची जखम भरत आली आहे. पुढची पट्टी बुधवारी.

साक्षीदार दुसरी, सही: धाकटी.
मजकूर माझ्यासमोर वाचला, सही माझ्यासमोर केली. गादीबद्दल मी जे बोलले होते ते मी अजून मागे घेतलेले नाही, ते समोरासमोर घ्यायचे आहे, म्हणून तुम्ही परत आले पाहिजे. तोवर रविवारी डॉक्टरीणबाई धरतील आणि मी धुवीन. पण धुण्याचे काम तुमचे आहे, ताई. माझी धरायची जागा मी फार दिवस दुसऱ्या कोणाला देणार नाही.